फटीतलं पाणी

चौकशा करायची खोड मला पहिल्यापासूनच, आणि घरही असं मिळालं की भिंतीला कान लावायचे कष्टसुद्धा पडू नयेत. उजवीकडून ताईंच्या शिवणाच्या मशीनचा आवाज यायचा, डावीकडे त्यांच्या थोरल्या भावाचा मोठा फ्रीजर घुमत असायचा. भाऊ बर्फाचा अभ्यास करायचे, तोही पगार घेऊन! मी त्यांना बर्फवाले भाऊजी म्हणायचे. माझी मधली खोली त्यांच्या आईची. आई गेली तेव्हा भाऊजी दूर कुठेतरी बर्फ खणत होते. पोचले ते सगळं आटोपल्यावर. "आता बर्फाजवळच राहा," एवढं ताई म्हणाल्या, आणि दोघांचं बोलणं संपलं. घराची वाटणी झाली, पण मधल्या खोलीत राहायचा धीर दोघांनाही होईना, म्हणून तिथे मी भाड्याने आले. मागेपुढे कोणी नसलेली एकटी बाई.

तेव्हापासून त्यांचं सगळं माझ्या हातून इकडचं तिकडे जायचं.

"सांगा त्याला, शर्टाचं बटण तुटलंय. जिन्यात दिसलं मला."

"सांगा तिला, आणखी दोन शर्ट आहेत. पण उपकार नकोत म्हणावं."

मी उपकार वाटेत गाळायचे आणि शर्ट तेवढे पोचवायचे. दोघांनी एकदा समोरासमोर बसावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते बोलायला लागले तर मला कोण विचारणार, हेही मनात यायचंच.

एका दुपारी भाऊजींनी मला बर्फाची पातळ चकती दाखवली. दोन काळसर काचांच्या मध्ये धरल्यावर तिच्यात निळे, केशरी, जांभळे तुकडे उमटले, गोधडीसारखे एकमेकांना जोडलेले.

"हे बर्फाचे कण," ते म्हणाले. "आणि मधल्या या रेघा आहेत ना, तिथे पाणी आहे."

"एवढ्या गारठ्यात? गोठत कसं नाही?"

"खारट आहे ते. गोठताना बर्फ परकं काही आत ठेवून घेत नाही. मीठ, मळ, सगळं बाहेर ढकलतो. ते मग दोन कणांच्या फटीत साठतं आणि पातळच राहतं."

"बिचारं!"

"बिचारं कसलं? त्याच्यामुळेच तर कण एकमेकांजवळून थोडेफार सरकतात. पुढे कण वाढतात, एकमेकांत मिसळतात, आणि मधली रेघ मिटते."

"आणि पाणी?"

"ते सरकतं. दुसरी फट शोधतं," असं म्हणून त्यांनी चकती फ्रीजरमध्ये ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या कपाटाचं दार पलंगाला अडलं. पलंग सरकला असेल म्हणून मी तो भिंतीकडे ढकलायला गेले, तर तो आधीच भिंतीला टेकलेला होता. फरशीच्या सांध्यांतून ओल दिसू लागली. पुसली तरी पुन्हा यायची. बोट लावून चाखलं, तर खारट. ताईंना सांगितलं तर त्या सुई दातांत धरून हसल्या. "अहो, खोली कशी लहान होईल? तुम्हीच जाड झाल्या असाल!"

मीही हसले. खरं सांगायचं तर भीती वाटलीच नाही. भिंती जवळ येत गेल्या तसे मशीन आणि फ्रीजर इतक्या जवळून ऐकू यायला लागले, की दोघं भावंडं माझ्या उशाशी बसली आहेत असं वाटून छान झोप लागायची.

मग मी धीर केला. दोघांनाही वेगवेगळं सांगितलं, चहाला या, दुसरं कोणी नाही. दोघं आली, एकमेकांना बघून दारातच थबकली, पण मी त्यांच्या मागे दार अडवून उभी राहिल्यावर जाणार कुठून? खोलीत जागाच उरली नव्हती. बसल्यावर दोघांचे गुडघे गुडघ्यांना लागले. मग ताईंनी हात पुढे केला.

"कॉलर उसवलीये तुझी."

"निरोप उशिरा मिळाला गं मला," भाऊजी म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

माझेही डोळे भरून आले, म्हणून मी चहा करायला मागच्या स्वयंपाकघरात गेले. ट्रे घेऊन परतताना अंग तिरपं करून सरकावं लागलं. पुढे खोलीचं दार नव्हतं, भिंत होती. भिंतीपलीकडून दोघांचे आवाज एकाच ठिकाणाहून येत होते.

"दादा, किती मोकळं वाटतंय रे इथे. मध्ये काहीतरी होतं ना?"

"आईचा पलंग होता."

"नाही रे, त्यानंतर. कोणीतरी..."

"कोण?"

ताई म्हणाल्या, "कुणास ठाऊक. काढ तो शर्ट, कॉलर शिवून देते."

"अहो, चहा!" मी हाक मारली. मशीन सुरू झालं.

मी अशीच तिरपी सरकते आहे. राग नाही; बोलू तर लागली दोघं. आता खालच्या अंगाला एका नवराबायकोचे आवाज येतात. "सांग तुझ्या बाबांना, जेवण झाकून ठेवलंय," असं ती म्हणते, आणि घरात उत्तर द्यायला मूल आहे असं काही वाटत नाही.

फट अरुंद आहे, पण जाता येईल. ट्रे सांभाळून निघाले आहे. चहा अजून गरमच आहे.