हारलेवीकचा तिसरा कप

"जी पाटी उतरायचीच आहे, तिला एवढं घासून काय मिळणार तुला?" सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकून हिंडर्कने विचारलं.

टोमा हाब्बेन खासदारांच्या कार्यालयाच्या दारापुढे स्टुलावर उभी होती. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात पितळ उजळायच्या मलमाची डबी. मान न वळवता ती म्हणाली, "पाटीत तुझं तोंड स्वच्छ दिसायला लागलंय. तेवढा एक तोटा सोडला तर बाकी ठीक आहे. आणि उतरायची म्हणून तुला कुणी सांगितलं? ते आज ठरणार आहे."

"ठरलं की गं बर्लिनमध्ये. नकाशावर पट्टी ठेवली, पेन्सिल ओढली, संपलं."

"ती मतदारसंघाची पेन्सिल. हे कार्यालय ठेवायचं की मोडायचं, ते नव्या खासदारबाई ठरवणार. दुपारी चहाला येतायत. तू दाढी करून ये."

हिंडर्कने गालावरून हात फिरवला. "मी कशाला? मी त्यांचा मतदारसुद्धा नाही."

हे मात्र खरं होतं. हारलेवीक म्हणजे कालव्याच्या दोन्ही काठांनी लांबच लांब पसरलेलं गाव, आणि नव्या आखणीतली रेषा बरोबर कालव्याच्या पाण्यातून गेली होती. अलीकडचा काठ तासभर लांब असलेल्या बंदराच्या शहराला जोडला गेला, पलीकडचा काठ गुरांच्या बाजाराच्या गावाला. हिंडर्कने जन्मभर कालव्यावरचा पूल उघडायचं आणि मिटायचं काम केलं होतं. तो राहायचा पलीकडे, पण त्याची होडी बांधलेली असायची अलीकडच्या काठाला. "होडीने मत कुणाला द्यायचं, तेवढं विचारून घे," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

टोमाची नणंद ओका, तीही पलीकडचीच. रोज पूल ओलांडून भावजयीकडे यायची. रेषा आखल्यापासून दारात पाऊल ठेवताना म्हणायला लागली होती, "आले बाई परदेशात."

मतदारसंघ पहिल्यांदा आखला गेला तेव्हा युद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती आणि टोमा जन्मलीही नव्हती. तेव्हा त्याचं नाव नुसतं 'हारलेवीक'. मग गावातली तरुण मंडळी कामधंद्यासाठी बंदराकडे, हँबर्गकडे जायला लागली. सगळ्या मतदारसंघांत माणसं सारखी हवीत असा कायदा, त्यामुळे इथली माणसं कमी झाली की सीमा फुगवायची आणि नावाला दुसऱ्या गावाचं शेपूट जोडायचं. आधी हारलेवीक पहिलं असायचं, पुढे दुसरं झालं, मग तिसरं. पंगतीत यजमानाशेजारी बसवलेल्या पाहुण्याला सरकवत सरकवत दाराशी न्यावं, तसं. या खेपेला तर पाटच उचलला होता. कार्यालयाच्या पाटीवर मात्र अजूनही नुसतं 'हारलेवीक' होतं. दर वेळी नवी पाटी करायला टाकायचं टोमा विसरून जायची. बाकी काही ती विसरत नसे.

पहिले खासदार वुबेनासाहेब सायकलवरून फिरायचे. बॉनला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीला, जायचं असलं की सायकल स्टेशनात ठेवायचे आणि महिन्याने परत आले की तीच सायकल घेऊन घरोघर. टोमाच्या लहानपणी ते तिच्या वडिलांकडे चहाला आले होते. इथे चहाचे तीन कप हा माणसाचा हक्क. कपात खडीसाखर टाकायची, वर गरम चहा ओतायचा, साखर तडतडली पाहिजे. कडेने साय सोडायची. ढवळायचं नाही. कप रिकामा झाला की यजमान न विचारता भरणार. पुरे झालं की बशीतला चमचा उचलून कपात ठेवायचा. मग आणखी एक थेंब कुणी ओतणार नाही. एवढं साधं आहे. तर त्या दिवशी वडील दर कपाला विचारायचे, "पुलाचं काय?" आणि उत्तर न देता चमचा ठेवणं वुबेनासाहेबांच्या जिवावर यायचं. ते बिचारे पीत राहिले. खिडकीबाहेर अंधार पडायला लागला तेव्हा म्हणाले, "बांधू." आणि चमचा ठेवून घाईघाईने परसाकडे गेले. पुढे खरंच पूल झाला, आणि हिंडर्कला नोकरी लागली.

त्यांच्यानंतर दक्षिणेकडून आलेले पालसाहेब. टोमा कार्यालयात लागली ती त्यांच्या वेळेला. माणूस हुशार, सज्जन, पण पहिल्याच घरी त्यांनी चहा ढवळला. इथे प्रत्येकाला दोन मतं असतात, एक माणसाला आणि एक पक्षाला. त्या वर्षी पक्षाला भरभरून मतं मिळाली आणि पालसाहेब जेमतेम काठावर निवडून आले. मधला फरक सगळा चमच्याचा, असं टोमाचं ठाम मत. तेव्हापासून तिने नेम केला. कुणीही नवा माणूस आला की स्टेशनवर स्वतः जायचं, आणि गावात शिरण्याआधी गाडीतच धडा द्यायचा. तीन कप. ढवळायचं नाही. पुरे झाल्यावरच चमचा. मग आल्या डॉक्टर ईनेनबाई. त्या शेजारच्याच गावच्या, त्यांना काही शिकवावं लागलं नाही. त्यांनीच बरीच वर्षं सांभाळलं सगळं. गुडघे गेले तेव्हा सोडलं.

आणि आता या कोल्बेबाई. मूळच्या पूर्वेकडच्या, पंधरा वर्षं बंदरात वकिली केलेल्या. एवढं टोमाने वर्तमानपत्रात वाचलं होतं.

हे कार्यालय मोडलं तर काय होणार, हे टोमाला दिसत होतं. निवृत्तिवेतनाचा कागद अडला, बांधाला भोक पडलं, मुलाला परदेशातून बायको आणायची परवानगी हवी झाली, की माणसं चिखलाचे बूट दाराशी काढून आत यायची. उद्या त्यांनी दोन बस बदलून बंदराला जायचं, आणि तिथे काचेच्या दारासमोर उभं राहायचं? आईल्टसारखा गवळी, ज्याला बायकोशीसुद्धा नीट बोलता येत नाही, तो काचेला काय सांगणार? गुरुवारी, आठवड्यातून एकदा, दार उघडं राहिलं तरी पुरे. एवढंच तिला मागायचं होतं.

दुपारी ती गाडी घेऊन स्टेशनवर गेली. आगगाडी आली आणि उतरली एक शाळेची सहल. बाईंचा पत्ता नाही. टोमा पुढच्या गाडीपर्यंत थांबली. तीही रिकामी आली. धावतपळत परतली, तर कार्यालयातून बोलण्याचा आवाज येत होता. आगगाडीला उशीर झाला म्हणून कोल्बेबाई आधीच्याच गावी उतरून बसने थेट दारात येऊन पोचल्या होत्या.

टोमाने दार ढकललं. "मोइन," सगळ्यांनी इथला नमस्कार केला. टेबलावर पांढराशुभ्र कापडी रुमाल, मेणबत्तीच्या शेगडीवर किटली, मनुकांचा पाव, लोणी. खुर्च्यांवर अलीकडच्या काठाची पाच-सहा मंडळी, शिवाय दाढी केलेला हिंडर्क. आणि खिडकीपाशी, ओल्या रेनकोटातली, चाळिशीची उंच बाई. तिच्यासमोर रिकामा कप. आणि कपात चमचा.



ओकाने तिला मागच्या मोरीकडे ओढलं. "पहिल्याच कपाला ठेवला गं! आधी गरागरा ढवळला आणि मग ठेवला. टेकल्या नाहीत तोच उठायची घाई."

"दमून आल्या असतील."

"दमलेल्या माणसाला तर चहा हवा असतो. म्हणत होत्या, पाण्याची बाटली गाडीत राहिली. म्हटलं, बरं झालं, तहानलेला पाहुणा. आणि हे! मी किटली घेऊन उभी, आणि चमचा माझ्याकडे बघतोय."

"तू सांगितलं का नाहीस?"

"मी सांगू? खासदाराला? आणि मी तर परदेशी."

टोमाच्या मनात आलं, बाईंना ठाऊक नसेल. लगेच दुसरं आलं, पंधरा वर्षं बंदरात राहून चमचा कळला नाही? छे. हा निरोप आहे. लवकर उरका म्हणून सांगतायत.

ती बाहेर येऊन बसली आणि बोलायला सुरुवात केली. चांगलं बोलली. बसचं सांगितलं, बांधाचं सांगितलं. आईल्टने दोन वाक्यं बोलून सगळ्यांना चकित केलं. ओका किटली घेऊन टेबलाभोवती फिरत होती. आईल्टचा कप भरला, हिंडर्कचा भरला, कोल्बेबाईंचा कप आला की किटली उचलून पुढे जायची. बाईंची नजर किटलीबरोबर फिरायची आणि खाली यायची. हळूहळू त्यांचा आवाज बसला. त्या दोनदा खाकरल्या.

"आपण याच काठाचे का?" त्यांनी हिंडर्कला विचारलं.

"मी पलीकडचा. पण माझी होडी तुमची मतदार आहे."

कुणी हसलं नाही. एरवी हसले असते.

आणखी एक फेरी झाली. बाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि उठल्या.

"तुमचं म्हणणं मला कळलं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "बोललेलं कळलं, आणि न बोललेलंही. तुमची रेषा कुणी तिसऱ्याने हलवली, राग माझ्यावर आहे, ते मी समजू शकते. जिथे मी नकोशी आहे, तिथे आपलं कार्यालय लादावं असं मला वाटत नाही. बंदरातलं दार तुम्हाला उघडं असेलच." मग थोडं अडखळून, "जायच्या आधी नळाचं पाणी मिळेल का घोटभर?"



टोमा उठली. टेबलाजवळ गेली. कपाकडे बोट दाखवून तिने सरळ विचारलं, "बाई, हा चमचा तुम्ही कपात का ठेवलात?"

कोल्बेबाईंनी कपाकडे पाहिलं, टोमाकडे पाहिलं. "ढवळला आणि ठेवला. दुसरीकडे कुठे ठेवायचा? बशीत तेव्हा पाव होता, आणि रुमाल पांढरा आहे. डाग पडला असता."

"बंदरात चहा कसा पिता तुम्ही?"

"बंदरात मी कॉफी पिते. कागदी पेल्यातून."

आधी हिंडर्कचे खांदे हलायला लागले. मग आईल्ट हसला. आईल्टला हसताना पाहिलेलं कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे बाकीचे जास्तच हसले. ओका किटली खाली ठेवून डोळे पुसत म्हणाली, "अहो बाई, तासभर तुम्ही मला नको नको म्हणताय, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालतेय!"

"मी नको म्हणतेय? तुम्ही सगळ्यांना देताय आणि मला वगळून जाताय! मला वाटलं, ही इथली निषेधाची पद्धत असेल."

"वाईट नाही कल्पना," हिंडर्क म्हणाला. "पुढच्या खासदारासाठी ठेवू."

टोमाने चमचा उचलून पुसला, बशीत ठेवला, कपात खडीसाखर टाकली आणि चहा ओतला. साखर तडतडली. कोल्बेबाईंनी रेनकोट काढला. पहिला कप त्या एका दमात प्यायल्या. दुसऱ्याला त्यांनी वुबेनासाहेबांच्या पुलाची गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या, "म्हणजे मीही लवकर चमचा ठेवायला हवा, नाहीतर बांधच कबूल करून बसेन." आईल्टने बांधाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, या खेपेला पुष्कळ वाक्यांत. तिसरा कप मात्र त्यांनी सावकाश घेतला. तो संपल्यावर चमचा उचलला, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, आणि परीक्षेला बसल्यासारखा जपून कपात ठेवला.

"दर गुरुवारी," त्या म्हणाल्या. "दार उघडं राहील."

आईल्टने टेबलावर बोटांच्या गाठींनी ठकठक केलं; इथे टाळ्यांऐवजी तेच. सगळ्यांनीच केलं. ओकाने उरलेला पाव कापला. बोलणी सैल झाली, खुर्च्या सरकल्या, कुणी खिडकी उघडली. टोमा किटलीत गरम पाणी घालायला मोरीकडे गेली तेव्हा कोल्बेबाई तिच्यामागून आल्या.

"टोमाबाई, एक सांगायचं राहिलं. संसदेकडून मला माणसं..."

"मोजकीच मिळतात. ठाऊक आहे."

"ती आधीच नेमलेली आहेत. बंदरातली. गुरुवारी त्यांच्यातलाच एक येईल. इथे वेगळी जागा मला..."

"नाही करता येणार." टोमाने वाक्य त्यांच्यासाठी पुरं केलं. निवृत्तीचं वय उलटून किती वर्षं झाली, ते ती कुणाला सांगत नसे. "त्याला चहा करता येतो का?"

"मला नाही वाटत."

"मग पहिल्या गुरुवारी मी येईन. दुसऱ्या गुरुवारी त्याचं त्याने बघावं."

"आणि ती पाटी... बदलावी लागेल. नाव आता ते राहिलं नाही."

"घासून ठेवलीय," टोमा म्हणाली. "काढायला सोपी जाईल."

दोघी बाहेर आल्या. टोमाच्या नेहमीच्या खुर्चीवर, किटलीजवळच्या, ओका पावाचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. रिकामी होती ती पाहुण्यांची, खिडकीखालची. टोमा तिच्यावर बसली. एवढ्या वर्षांत या खोलीत ती तिथे कधी बसली नव्हती. तिथून कालवा दिसतो, पूल दिसतो, हिंडर्कची होडीही दिसते, हे तिला आजच कळलं. हिंडर्कने एक कप तिच्यापुढे सरकवला, ओकाने तो भरला. टोमा प्यायली. चहा चांगला मुरला होता.

कप खाली ठेवला तशी कोल्बेबाई उठल्या. घर आता त्यांचं होतं, हे त्यांना कुणी सांगायला लागलं नाही. शेगडीवरची किटली त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, झाकण पडू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरलं, आणि टेबलाला वळसा घालून टोमाच्या कपाशी येऊन वाकल्या.

टोमाने बशीतला चमचा उचलला आणि हलकेच कपात ठेवला.

कोल्बेबाईंनी किटली सरळ केली. मान लववून पुढे गेल्या आणि हिंडर्कचा कप भरला.