एवढ्या जोराचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर वॉशर आहे. म्हणजे जोराच्या पाण्याने गाडी धुणारं यंत्र. जुना म्हणालो खरा, पण मी झिजलेलो नाही, पडून पडून जुना झालो. नागपुरात हुडकेश्वरला एका घराच्या माळ्यावर, कूलरच्या शेजारी माझी जागा आहे. इथे आल्यापासून मला फारसं काही वाटत नाही. तेव्हा गोष्ट सांगताना माझा गळा दाटला नाही, तर समजून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात मोटर बसली, पंप बसला, तोंडाला नळी लागली. तपासणीत माझ्या धारेने वाळलेला चिखल उडवला, तेव्हा तिथला माणूस 'शाबास' म्हणाला होता. तेवढंच कौतुक मला आयुष्यभर पुरवावं लागलं.

मला ऋषिकेशने विकत घेतलं. त्याची गाडी त्याचे वडील रुपराव धूत असत. दर रविवारी एक बादली आणि जुन्या धोतराचा तुकडा. गावाकडे बैल धुवायचे तसेच, आधी मान, मग पाठ, मग पाय. पुढे त्यांना लकवा मारला आणि उजवा हात मांडीवर पडून राहू लागला.

"बाबा, आता तुम्ही फक्त बसून पाहा. मशीनच करते सगळं," ऋषिकेश त्यांना म्हणाला.

माझ्यासोबत फेसाची बाटली, मऊ ब्रश, हातमोजा, पाणी टिपायचे टॉवेल असा लवाजमा आला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण नव्याचे नऊ दिवसही धड झाले नाहीत. टाकीचं पाणी माझ्यापर्यंत नीट येईना, वायर फाटकापर्यंत पुरेना. मला जोडून, सोडून, पुसून ठेवेपर्यंत बादलीने दोन गाड्या झाल्या असत्या. हातमोजा ऋषिकेशच्या बायकोने, कामिनीने, पंखे पुसायला नेला. टॉवेल ओट्यावर गेले, मी माळ्यावर. कुणी तक्रार केली नाही, मीही नाही.

मग तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. ऋषिकेशच्या मुलीचा, नूपुरचा बैल आजोबांनी रंगवलेला होता. काळेभोर डोळे, लाल शिंगं, पाठीवर पिवळी झूल. दर वर्षी ते डोळे नव्याने काढून देत. यंदा त्यांचा हात चालत नव्हता, म्हणून जुनाच रंग जपायचा, असं नूपुरने सगळ्यांना बजावलं होतं. बैल मात्र धुळीने माखला होता.

"आण इकडं, दोन मिनिटांत चकाचक करून देतो," ऋषिकेश म्हणाला. त्याने मला माळ्यावरून उतरवलं आणि माझा खटका दाबला.

माझं काम पाणी सोडायचं, ते मी सोडलं. आधी झूल गेली, मग शिंगं, मग डोळे. रंगाच्या पापड्या वाहत नालीकडे गेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ऋषिकेश मात्र नळी धरून तसाच उभा राहिला.

"काहून धुतलं पप्पा?" नूपुरने हळूच विचारलं.

"जरीपटक्याच्या बाजारातून नवा आणतो ना," तो म्हणाला.

"नवा काहाले?" रुपराव खुर्चीवरून म्हणाले. "आण त्याले माझ्याजवळ." त्यांनी बैल मांडीवर घेतला. डाव्या हाताने मान चाचपली, पाठ चाचपली, पाय चाचपले. "पोयाले बैल धुवाच लागते वं माय. कामिनी, हळद न् लोणी आण. खांदा मळाचा राहिला याचा."

पोळ्याला जू ओढून थकलेला बैलाचा खांदा असा हळद-लोण्याने मळतात. डाव्या हाताने त्यांनी बैलाचा खांदा मळला. हळद त्यांच्या धोतरावर सांडली, तिकडे कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळी रंगीत बैलांच्या रांगेत पिवळ्या खांद्याचं एक उघडं लाकूडही चाललं. त्याला नवे डोळे काढायला नूपुरने कुणालाच दिले नाहीत. आता तो बैल आजोबांच्या उशाशी असतो. रविवारी ती गाडी धुवायला बादली भरते आणि रुपराव खुर्चीवरून सांगतात, आधी मान, मग पाठ. मला माळ्यावर ते ऐकू येतं.

मित्रांनो, रोज ट्रक धुणाऱ्यांकडे माझी भावंडं आहेत, त्यांचं बरं चाललं आहे. मला घेताना ऋषिकेशने दुकानात एकच विचारलं होतं, जोर किती आहे. तुम्ही घ्याल तेव्हा आधी घरी जाऊन पाहा, एवढ्या जोराने धुण्यासारखं तिथे काय आहे. आमच्या घरात तसं काही नव्हतं.