वापीला घेतलेला कीबोर्ड

“देवापुढे हलकं काही ठेवू नकोस. फूल असो, नाहीतर पेटी.” सासूबाई सांगायच्या. वापीच्या दुकानात उभी होते तेव्हा कानांत तेच होतं.

डहाणूच्या आमच्या भजनी मंडळाला कीबोर्ड घ्यायचा होता. वाजवणार वर्षा. रानशेतच्या आदिवासी पाड्यावरची मुलगी. जिओ आल्यापासून मोबाइलवर ऐकून कुठलीही चाल बसवते. तिची आई लाडकी आमच्या वाडीत चिकू निवडायला येते. मंडळाचा जुना कीबोर्ड धोंड्यासारखा जड. तलासरीला कार्यक्रम असला की वर्षा तो खांद्याला लावून चारोटीला यायची, तिथे गाडी बदलायची. आम्ही बायका टाळ मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचो.

दुकानदार जतीनभाईंनी दोन कीबोर्ड समोर मांडले.

“बेन, हा साडेचार किलो. बॅटरीवर पण चालेल, लाइट गेली तरी भजन चालू. आणि हा मोठा, पट्ट्या एकदम पियानोसारख्या.”

वर्षाने लहान कीबोर्ड एका हाताने उचलून पाहिला. बटण दाबून सूर आमच्या भजनाच्या पट्टीवर, काळी चारवर आणला आणि आरतीची सुरुवात वाजवली.

“काकू, हाच! खांदा सुटेल माझा.”

मी मोठ्याची पट्टी दाबली. बोटाला वजन लागलं, भक्कम वाटलं.

“नको गं.” मी कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही हळूच म्हटलं. “देवापुढे हलकं कोणी बसवतं का?”

वर्षाचा हात पट्ट्यांवरून उठला.

“मग मला का बसवता, काकू?”

जतीनभाई उगाच वायरी गुंडाळू लागले.

“अगं, मी पेटीचं बोलले.”

“पेटीचंच बोललात. ठाऊक आहे.” ती माझ्याकडे बघत नव्हती. “आई विचारते, काकूंचं भजन आपल्याकडे कधी? मी सांगते, त्यांचं व्रत चालू आहे. आता आईच हसते. म्हणते, एक सुटलं की दुसरं लागतं, काकूंचा देव आपलाच पाडा चुकवतो काय?”

सोळा सोमवार, नवरात्र, चातुर्मास. दर वेळी खरंच काहीतरी चालू होतं. लाडकीने विचारलं की मी “बघू हं” म्हणायचे, इतकं मऊ की तिला पुन्हा विचारवत नसे. तलासरीला जाताना मात्र एकही व्रत आड आलं नव्हतं. माझे कान तापले. सारखाच असलेला पदर मी पुन्हा सारखा केला.

“हलका द्या,” जतीनभाईंना म्हटलं आणि त्या शब्दावरच अडखळले. “म्हणजे हा. हा लहान.”

परतीच्या गाडीत कीबोर्ड माझ्या मांडीवर होता. उंबरगाव गेलं तरी वर्षा खिडकीबाहेरच बघत होती.

“संकष्टीला येते,” मी म्हटलं. “तुमच्या घरी.”

“त्या दिवशी तुम्ही कुणाकडेच जात नाही.”

“येते.”

“मी वाजवायचं सोडेन म्हणून म्हणताय ना? नाही सोडणार. देवाशी कुठे भांडण आहे माझं?”

माफीचा शब्द ओठांशी आला आणि मी तो गिळला. डहाणूला उतरल्यावर मी कीबोर्ड तिच्यापुढे धरला.

“राहू दे तुमच्याकडे. मंडळाचा आहे,” ती म्हणाली, आणि गर्दीतून निघून गेली.

संकष्टीला दुपारी मी निघाले तेव्हा माझी जाऊ जागृती नारळ खवत होती.

“आज? आणि कुठे?”

“रानशेतला, लाडकीकडे.”

“अहो ताई, चंद्रोदयाला घरी नको का? उपास?”

“उपास तिथेच सोडेन. रात्री तिथेच राहीन.”

तिचा हात थांबला. “तिच्या हातचं?”

“हो.”

एवढं म्हणायलाही मला मान खाली घालावी लागली, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. कीबोर्डची पिशवी खांद्याला लावली. मागच्या दाराने जावं, कुणी विचारणार नाही, असं क्षणभर वाटलं. मग पुढचं दार उघडलं आणि टमटमच्या नाक्याकडे चालू लागले.