कुंपणातला समुद्र

रोंडाचा फोन आला तेव्हा मार्लिसचे दोन्ही हात मिठाच्या पाण्यात होते. टेबलावर काचेच्या तीन बरण्या मांडल्या होत्या आणि तिसऱ्या बरणीतलं अंडं काही केल्या मधोमध तरंगायला तयार नव्हतं. सहा वर्षांचा ओटो खुर्चीवर उभा राहून त्याला दम देत होता.

"माझ्या कानाला लाव फोन," मार्लिसने हेट्टीला सांगितलं. हेट्टीने लावला आणि तिथेच उभी राहिली. रोंडाचा आवाज असा, की फोन कोणाच्याही कानाला असो, तो खोलीभर ऐकू येई.

"अगं, बारीकसंच काम आहे," रोंडा म्हणाली. "शुक्रवारच्या समुद्रदिनाचं. हेट्टीच्या टेबलाचा फोटो पाहिला. किती नीटनेटकं! फक्त तो आकडा तेवढा..."

"कुठला आकडा?"

"नऊ कोटी वर्षं. तुला माहीत आहे, मंडळातल्या बऱ्याच घरांना ते चालत नाही; बायबलाप्रमाणे जग एवढं जुनं नाही. आकडा काढून टाक, नाहीतर 'बायबलातल्या महापुराच्या वेळचे शिंपले' असं लिही. तेही नको असेल तर यंदा टेबलच नको. उगाच मला मध्ये वाईट व्हायला लावू नकोस."

"बघते," मार्लिस म्हणाली.

हेट्टीने फोन ठेवला. "बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते. मीठ दे इकडे."

मार्लिस भांडणारी बाई नव्हती. आयुष्यात एकदाच तिने कोणाला तोंडावर नाही म्हटलं होतं, ते दोन वर्षांपूर्वी गावच्या शाळेत. हेट्टी फार वेळा हात वर करते, बाकीच्यांचा वेळ जातो, तेव्हा तिने हात बाकावर ठेवायची सवय लावून घ्यावी, असं बाईंनी सांगितलं होतं. मार्लिसने त्याच दुपारी पोरीचं दप्तर उचललं. तेव्हापासून दोन्ही मुलांची शाळा स्वयंपाकघरात भरायची आणि शुक्रवारी चर्चच्या तळघरात, मुलांना घरीच शिकवणाऱ्या घरांच्या मंडळात. ते रोंडा चालवायची. गाण्याचा वर्ग तिथे होता. सूक्ष्मदर्शक तिथे होता. रोंडाची मुलगी विला तिथे होती, आणि हेट्टीला विलाखेरीज दुसरी मैत्रीण नव्हती. कॅन्ससच्या त्या सपाट मुलखात तासभर गाडी हाकली तरी दुसरं मंडळ सापडलं नसतं.

समुद्र तर त्याहून लांब. ओटोने तो पाहिलाच नव्हता. पण हेट्टीला तो मार्चमध्ये घराच्या फाटकाशी सापडला. त्या भागात झाडं कमी, म्हणून पहिल्या वस्तीवाल्यांनी कुंपणाचे खांबसुद्धा चुनखडीच्या दगडाचे केले होते: साईसारख्या रंगाचे, मधून तांबूस पट्टा गेलेले. त्यातल्या एका खांबाला टेकून हेट्टी बापाच्या ट्रॅक्टरची वाट पाहत होती आणि तळहाताखाली तिला बारीक वळ्या लागल्या. शिंपला. त्याखाली आणखी एक. संध्याकाळपर्यंत ती रस्त्याकडेचे सगळे खांब चाचपून आली होती.

मग घरात दुसरा विषयच उरला नाही. ओढ्याच्या कडेला, दगडाखालच्या मऊ मातीच्या थरात, तिला शार्कचा दात मिळाला. टोकदार नव्हे, धुण्याच्या फळीसारखा वळ्यावळ्यांचा, शिंपले भरडून खाणाऱ्या शार्कचा. मार्लिसने वाचनालयातून पुस्तकं आणली आणि मायलेकींनी दगडाचं वय शोधून काढलं. कार्डावर हेट्टीने 'सुमारे' हा शब्द आकड्याच्या आधी लिहिला होता आणि खाली रेघ मारली होती. पाणी किती खोल होतं ते नक्की माहीत नाही, असंही लिहिलं होतं. पण गावातल्या धान्याच्या कोठारावर तसंच दुसरं कोठार रचलं असतं, तरी बहुधा दोन्ही बुडाली असती.

"मग मासे कोठारातल्या गव्हात गेले असते?" ओटोने विचारलं होतं.

"तेव्हा गहू नव्हता, ढ."

रात्रीच्या जेवणाला प्रार्थना झाली. मार्लिस ती मनापासून म्हणायची. नऊ कोटींचा आकडा आपल्या देवाला जड जाईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"महापूर नको लिहूस," ती हेट्टीला म्हणाली. "नुसता आकडा गाळ. शिंपले तर तेच राहतात ना?"

"मग कोणी विचारलं कधीचे, तर काय सांगू?"

"सांग, फार जुने."

"आजोबा फार जुने आहेत."

व्हर्नला, म्हणजे हेट्टीच्या बापाला, ठसका लागला. "पोरगी बरोबर बोलतेय. आणि त्यांच्यावर शिंपलेही उगवतील, खुर्चीतून उठले नाहीत तर."

"तू मध्ये बोलू नकोस. मंडळातून काढलं तर गाणं कोण शिकवणार? तू?"

"मी गायलो तर गाई आटतील," व्हर्न म्हणाला आणि बटाटे वाढून घेतले.

हेट्टीने काटा खाली ठेवला. "आई, शाळेत हात बाकावर ठेव म्हणाले तेव्हा तू मला घरी आणलंस. आता घरून कुठे नेणार?"

मार्लिस उठून ताटं गोळा करायला लागली. 

शुक्रवारी तळघर निळंशार झालं होतं. छताला कागदी देवमासा टांगला होता, एका टेबलावर निळ्या जेलीत साखरेचे मासे रुतले होते, बरण्यांमध्ये रंगीत पाण्याचे थर होते. हेट्टीने आपला दात, शिंपले आणि कार्ड मांडलं. आकडा होता तसाच होता. मार्लिसने तो पाहिला आणि शेजारी कागद, खडू आणि चुनखडी तपासायची व्हिनेगरची बाटली ठेवली.

रोंडा हसतमुखाने टेबलाटेबलावरून फिरत आली. "व्वा, हेट्टी!" म्हणत तिने कार्ड उचललं, वाचलं आणि हळूच पालथं ठेवलं. "हे असं राहू दे हं, राणी. शिंपले आपले आपण बोलतील."

"मिस रोंडा, त्यांना लिहिता येत नाही म्हणून मी लिहिलंय."

कोणीतरी फिसकन हसलं. रोंडाचा चेहरा लाल झाला. "मार्लिस, आपलं बोलणं झालं होतं ना?"

हेट्टीचा हात खांद्यापर्यंत वर आला होता, काहीतरी विचारायला. तिने आईकडे पाहिलं आणि तो हळूहळू खाली टेबलावर ठेवला.

तो टेबलावर टेकलेला हात मार्लिसने पाहिला.

"ते टोक धर," ती म्हणाली.

"काय?"

"टेबलाचं टोक धर. ओटो, व्हिनेगरची बाटली घे. सांडू नकोस."

"अगं, निघून जायची काही गरज नाही," रोंडा म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं. "नुसतं कार्ड..."

"निघून कोण जातंय?"

मायलेकींनी टेबल जिन्यावरून वर नेलं आणि चर्चच्या उत्तरेच्या भिंतीला लावलं. ती भिंतही त्याच दगडाची होती, साईच्या रंगाची आणि तांबूस पट्ट्याची. मार्लिस दर रविवारी तिच्याजवळून आत जायची. आता तिने ओल्या फडक्याने हाताच्या उंचीचा एक दगड पुसला आणि धूळ जाताच वळ्यांवर वळ्या वर आल्या.

"कागद लाव," ती म्हणाली. "खडू आडवा धर. दाबू नकोस."

हेट्टीच्या कागदावर निळ्या खडूखाली शिंपला उमटत गेला. भिंत खराब होऊ नये म्हणून ओटोला खाली पडलेली एक कपची दिली होती. त्याने तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. बारीक बुडबुडे आले.

"फसफसतंय!" त्याची किंकाळी तळघरात पोचली.

पोरं वर यायला वेळ लागला नाही. जेलीने बरबटलेल्या हातांनी त्यांनी खडू पळवले. कोणाला शिंपला, कोणाला त्याचा निम्मा तुकडा सापडला. विला सगळ्यात शेवटी आली आणि हेट्टीशेजारी गुडघे टेकून बसली.

मागोमाग रोंडा आली. "मार्लिस, हे चर्च आहे."

"हो. आणि ही त्याची भिंत आहे. मी बाहेरून काही आणलेलं नाही."

"तू मला मुद्दाम खाली पाहायला लावते आहेस."

"नाही. माझ्या पोरीला खाली पाहायला लावणार नाही, एवढंच. तिचा आकडा चूक असेल तर चूक कुठे ते दाखव, ती खोडेल. तिला तसंच शिकवलंय. पण कोणाला आवडत नाही म्हणून खोडणार नाही."

"मंडळाच्या समितीपुढे हे जाईल. तुमचं नाव यादीतून निघेल."

 मार्लिसने भिंतीला हात टेकला. "जाऊ दे," ती म्हणाली. मग पालथं कार्ड सरळ केलं आणि चिकटपट्टीने टेबलाच्या कडेला लावलं.

रोंडाने विलाला हाक मारली. विला उठली; पण कागद घडी न घालता दोन्ही हातांत उंच धरून गाडीपर्यंत गेली.

नाव निघालं. समितीने गोड शब्दांत कळवलं आणि गाण्याच्या वह्या परत मागितल्या. हेट्टीने त्या स्वतः पुसून पिशवीत भरल्या. दुसऱ्या दिवशी मार्लिसने कोठीतून फळी काढली, व्हर्नने भोकं पाडली, आणि तिघांनी मिळून ती फाटकाशेजारच्या दगडी खांबाला तारेने बांधली. फळीवर लिहिलं होतं: 'समुद्र. दर शुक्रवारी, सकाळी. कोणीही या.' त्याखाली हेट्टीने आकडा रंगवला. 'सुमारे' हा शब्द तिने त्याच्या आधी लिहिलाच.

शुक्रवारी सकाळी वारा होता. मार्लिसने बादली भरून आणली, खडू काढले, कागदांवर दगड ठेवले. खडीच्या रस्त्यावर दूरपर्यंत कोणी नव्हतं.

"कोणीच आलं नाही तर?" हेट्टीने विचारलं.

"ओटो आलाय की."

"मी तर इथेच राहतो," ओटो म्हणाला.

"मग वेळेवर आलास. बस."

मार्लिसने पहिल्या खांबावर ओलं फडकं फिरवलं. ती अजून काही बोलायच्या आत हेट्टीचा हात वर गेला, थेट, कोपर ताठ.

"विचार," मार्लिस म्हणाली.