यादीतली एकोणतिसावी चाल

बाबांच्या आयुष्यात मिरवण्याजोगी गोष्ट एकच: कारखान्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत मिळालेला चषक. तोही एका चालीच्या जोरावर. हत्ती धोक्यात असताना त्यांनी राजा गुपचूप एक घर सरकवला होता, आणि समोरचा फिटर तिथेच गारद झाला होता. तीस वर्षं हा डाव ऐकल्याशिवाय घरातून कुणाची सुटका नव्हती.

लेक बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहायची. गेल्या महिन्यात पाहुण्यांसमोर तिने तो डाव त्यात घालून पाहिला. उत्तर आलं: घोडचूक, फिटर सहज जिंकला असता.

"बाबा, नशीब थोर तुमचं!" ती हसली, पाहुणेही हसले. बाबाही हसले, जरा उशिरा.

आज दुपारी ऑफिसात भलतंच काही दुरुस्त करताना तिच्या एकदम लक्षात आलं. सगळ्याच चाली खोलवर तपासायला प्रोग्रॅमला वेळ कुठला? म्हणून तिनेच नियम घातला होता: शह देणाऱ्या आणि मोहरे मारणाऱ्या चाली यादीत वर, त्या शेवटपर्यंत पाहायच्या, खालच्या गरीब चाली वरवर चाळून सोडायच्या. बाबांची चाल यादीत एकोणतिसावी होती. हत्ती जातो एवढंच यंत्राने पाहिलं होतं. तिने नियम काढला. वीस मिनिटांनी ती चाल सगळ्यांच्या वर येऊन बसली: हत्ती मारणारा पुढे सात चालींत मात खात होता.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम तिचाच, तिला तोंडपाठ. बापाला हसण्याआधी एकदा काढून बघायला काय धाड भरली होती?

ती तशीच घरी गेली. "बाबा, चूक माझी होती. तुमची चाल बरोबर होती."

बाबा चष्मा पुसत राहिले. तिने कपाटाकडे पाहिलं. चषकाच्या जागी औषधांचा डबा होता.

"चषक कुठंय?"

"फिटरला देऊन आलो. म्हटलं, डाव तुझा होता, हा माझ्याकडे चुकून राहिला. रडला गं तो. बायकोला हाक मारून दाखवला."

"मी जाऊन सांगते त्यांना."

"अजिबात नाही." बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "खरंच बरोबर होती?"

"हो, बाबा."

"मला वाटत होतंच," ते म्हणाले. "पण तू सांगितलंस ना."