तीन पिशव्या

गुंगी उतरली तेव्हा गोजराला आधी छत दिसलं, मग सलाइनची बाटली, आणि मग खुर्ची ओढून उशाशी बसलेल्या डॉक्टर संघप्रिया. त्यांच्या अंगावर अजून ऑपरेशनचेच कपडे होते. पायथ्याशी गोजराचा मुलगा विपुल उभा होता, आणि दाराजवळ तिचा नवरा देवजी.

"मावशी, ऐकू येतंय ना? गर्भाशयाची पिशवी काढली. गाठी गेल्या, रक्त जायचं थांबेल. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. तुमची दोन्ही बाळंतपणं पोट उघडून झालेली. त्यामुळे लघवीची पिशवी गर्भाशयाला घट्ट चिकटून बसली होती. ती सोडवताना तिला चीर गेली. लगेच दिसली, तिथल्या तिथे शिवली. पण ती भरून येईपर्यंत नळी ठेवावी लागेल. दोन आठवडे तरी."

गोजराला अर्धंमुर्धं कळलं. विपुलला सगळं कळलं.

"चीर गेली म्हंजे? तुमी कापली?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्याच हातून."

विपुल वाशीच्या त्या हॉस्पिटलात जो आवाज चढवून बोलला, तो दोन वॉर्ड पलीकडे ऐकू गेला. देवजीने त्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं. डॉक्टर मात्र उठल्या नाहीत. गोजराने पांघरुणाखाली हात घालून चाचपलं, तर मांडीवर चिकटवलेली नळी हाताला लागली. नळीच्या टोकाला, कॉटच्या कडेला, पिवळसर लाल पाण्याची एक पिशवी लटकत होती.

"एक पिशवी काढली, एक शिवली, आनि ही तिसरी भाएर टांगली," ती कोरड्या तोंडाने म्हणाली. डॉक्टरांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. गोजराला ते दोन्ही दिसलं.

दिवाळे गावात घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते खिडकीचा पडदा ओढायचं. पंचवीस वर्षं मार्केटात मासळी विकणारी बाई, गिऱ्हाइकाशी भांडायला लागली की समोरच्या रांगेतल्या बायका सुरी थांबवून ऐकत. तीच आता कोणी दारात आलं की ती पिशवी पदराखाली सरकवायची आणि "ताप हाय" म्हणून सांगायची. नळी दुखत नव्हती फारशी. पण आपलं पाणी असं उघड्यावर, प्लास्टिकमध्ये, आल्यागेल्याला दिसेल असं साठतंय, हे तिच्याने सोसवत नव्हतं. त्यातून ती पिशवी रिकामी करायला देवजी यायचा.

देवजीने उभ्या आयुष्यात घरातली बादली उचललेली नव्हती. होडी त्याची, घर तिचं. आता तो खाली बसून तोटी उघडायचा, भांडं भरायचा आणि न सांडता मोरीत नेऊन ओतायचा. तोंडाने खाडीच्या गोष्टी चालू असायच्या, कोणाचं जाळं फाटलं, कोणाला कोळंबी लागली. गोजरा भिंतीकडे बघत राहायची.

विपुलचं वेगळंच चाललं होतं. ओट्यावर बसून तो गावातल्या पोरांना फोन करायचा. "मॅडमला सोडायचं नाय. सरळ हॉस्पिटलात घुसायचं." गोजरा आतून ओरडायची, "आधी मना बरी होऊ दे, मंग जा घुसायला!"

टाके दाखवायला वाशीला गेले, तेव्हा गोजराने डॉक्टरांना विचारलं, "आत काय चाललंय ते तरी सांगा. वरचे टाके मना दिसतात. आतलं कोन बगनार?"

विपुल शेजारी बसला होता, मान वळवून.

"लघवीच्या पिशवीला आतून एक अस्तर असतं," डॉक्टर म्हणाल्या. "फार शांत असतं ते. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, याच्यातल्या पेशी महिनोन्महिने नुसत्या बसून असतात. पण जखम झाली की त्याच जाग्या होतात. तळाच्या थरातल्या पेशी वाढायला लागतात, चिरेच्या दोन्ही कडांनी सरकत मधली जागा झाकतात. हे काही दिवसांतच होतं. मग त्यांच्यातल्या काही मोठ्या होऊन सगळ्यात वर पसरतात. लघवी आत झिरपू न देणारा थर तोच. तो पक्का व्हायला मात्र वेळ लागतो."

"आनि मी काय करायचं?"

"पिशवी फुगू द्यायची नाही. फुगली तर टाक्यांवर ताण येतो, म्हणून ही नळी. आणि पाणी प्यायचं, भरपूर. ते काम तुमचं."

गोजराने मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलट केलं. मार्केटातलं बायकांचं संडास बहुतेक वेळा कुलपात असायचं, त्यामुळे सकाळपासून दुपारपर्यंत अर्धा कप चहावर राहायची तिला जुनी सवय होती. शिवाय पाणी जास्त प्यायलं की पिशवी लवकर भरणार आणि देवजीला पुन्हा खाली बसावं लागणार. त्याने तांब्या आणून ठेवला की ती दोन घोट घ्यायची आणि उरलेलं खिडकीतल्या तुळशीला घालायची.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी सकाळी देवजी पिशवीशी वाकला आणि तसाच राहिला.

"गोजरे, हिच्यात काय येतच नाय."

तिला ते आधीच जाणवलं होतं. ओटीपोट दगडासारखं झालं होतं आणि कळा पाठीपर्यंत जात होत्या. घामाने तिचा ब्लाउज भिजला. विपुलने हॉस्पिटलला फोन करून गाडी काढली. पाम बीच रोडने वाशीला जाताना प्रत्येक सिग्नलला ती देवजीच्या मनगटात नखं रुतवत होती. टाके तुटणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

डॉक्टर संघप्रिया दारातच उभ्या होत्या. नर्सला बाजूला करून त्यांनी स्वतः नळी हातात घेतली. सिरिंजने सलाइनचं पाणी हळूच आत सोडायचं, हळूच मागे ओढायचं. पहिल्यांदा काही आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा एक काळपट गुठळी सुटली आणि मागोमाग धार लागली. गोजराच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो ऐकून पडद्याबाहेरचा विपुल मटकन बाकड्यावर बसला.

"मावशी, पाणी किती पीत होता?"

गोजरा रडायलाच लागली. "हे उचलतात वो. नवरा मानूस माजं मूत उचलतो. मना लाज वाटते. म्हनून नाय प्याले."

देवजी पडद्याला धरून उभा होता. बायकोची ही लाज त्याच्या ध्यानातच आली नव्हती. तो म्हणाला, "होडीतलं सडक्या मासळीचं पानी मी रोज उपसतो. तवा काय वाटत नाय. तुजं उचलायला काय वाटनार हाय? तू पानी पी. मी उचलीन. आयुष्यभर लागली नळी तरी उचलीन."

"आयुष्यभर कशाला? वाईट बोलू नका," गोजरा नाक पुसत म्हणाली.

बाहेर विपुलने डॉक्टरांना गाठलं. या वेळी त्याचा आवाज चढला नाही. "मॅडम, त्या दिवशी तुमी सांगितलंच नसतं तर? आमाला कळलं असतं काय?"

"कदाचित नसतं कळलं," डॉक्टर म्हणाल्या. "पण मग नळी एवढे दिवस का, तेही तुमच्या आईला कळलं नसतं. त्यांनी हट्ट करून ती काढायला लावली असती. आणि चूक माझी होती, विपुल. तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा. मी नाही म्हणणार नाही." आणि त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या. पोरांचे फोन त्या दिवसानंतर आले, पण विपुलने कोणालाच जमवलं नाही. तक्रारीचं काय करायचं ते आय बरी झाल्यावर आयच ठरवेल, असं त्याने सांगून टाकलं.

त्यानंतर देवजी तांब्या आणून समोर बसायचा आणि रिकामा झाल्याशिवाय उठायचा नाही. पिशवीतलं पाणी गव्हाच्या काडीसारखं फिकट झालं.

ठरल्या दिवशी नळीतून एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध आत सोडून फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. पांढरा गोळा, कडा साफ, कुठेही थेंब बाहेर नाही. "धरलं अस्तर," त्या म्हणाल्या. त्यांनी नळी काढली आणि गोजराला पाणी पाजून व्हरांड्यात बसवलं.

तासाभराने ती संडासात गेली. बाहेर देवजी, विपुल आणि डॉक्टर, तिघंही दुसरीकडे बघत उभे. आत बराच वेळ शांतता. मग आवाज आला, आणि पाठोपाठ गोजराची सणसणीत शिवी.

"काय झालं?" विपुल दारावर थापा मारायला लागला.

"झाली! पन आग लागली मेली!"

"होणारच," डॉक्टर दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या. "नवं अस्तर अजून नाजूक आहे, मावशी. वरचा थर जाड होईपर्यंत थोडं जळेल, सारखी घाईपण होईल. काही आठवड्यांत कमी होईल. पाणी मात्र सोडू नका."

गोजरा भिंत धरत बाहेर आली. डोळे पाण्याने भरलेले. तिने डॉक्टरांकडे बघितलं. राग अजून गेला नव्हता, पुरता कधी जाईल असंही तिला वाटत नव्हतं. पण आपल्या पोटाच्या आत काय चाललंय, हे या बाईने आपल्याला एकदाही खोटं सांगितलं नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"परत कोनाची चिकटलेली असली ना," ती म्हणाली, "तर जरा सांभाळून कापा."

"हो," डॉक्टर म्हणाल्या.

घरी येताना नेरुळच्या पेट्रोल पंपावर विपुलला गाडी थांबवावी लागली. सीवूड्सच्या पुढे परत थांबवावी लागली. दोन्ही वेळा देवजी तिच्याबरोबर चालत गेला आणि बाहेर पाठ करून उभा राहिला.

"जळतंय काय?" दुसऱ्या वेळी त्याने विचारलं.

"जळतंय," गोजरा म्हणाली. "पन सकाळपेक्षा कमी." आणि तिने त्याच्या हातातली पाण्याची बाटली मागून घेतली.