परसातला वास

"आये, ऊठ जरा. बाज गोठ्यात टाकतो."

छबूबाई काही न विचारता उठली. तिच्या मुलाने, गोरक्षनाथने, बाज डोक्यावर घेतली. सुनेने, रुपालीने, वाकळ उचलली. दुपारी त्यांच्या मुलीला, पूजाला, बघायला पारनेरचे पाहुणे येणार होते, आणि परसात शेवग्याखाली म्हातारीच्या बाजेभोवती पंधरवडाभर असा वास मारत होता की हात धुवायलासुद्धा कुणाला तिकडे पाठवायची सोय नव्हती. म्हातारीला वर्षभर लघवी आवरत नव्हती. मग वास कुणाचा, हे विचारायची गरजच कुणाला वाटली नाही.

गोरक्षनाथ कोल्हारच्या दूध संकलन केंद्रावर कामाला. कॅनचं झाकण उघडलं की नुसत्या वासावर दूध टिकणार की नासणार हे सांगायचा. गावात त्याच्या नाकाचा दबदबा होता, आणि त्याच नाकाच्या जोरावर त्याने आईचा निकाल लावून टाकला होता. परवा तर म्हणालाही होता, "सांगत जा ना गं आये. लाज वाटती का सांगायला?" त्यावर म्हातारी नुसतं लुगडं सावरत बसली होती.

बाज हलल्यावर रुपालीने फिनेल ओतलं, खराट्याने जागा घासून काढली. थोड्या वेळाने वास पुन्हा हजर.

"जिमिनीत मुरलं आसंल," रुपाली म्हणाली.

"वरीसभर ती हितंच हाय की. मग ह्यो वास आत्ताच..." बोलता बोलता गोरक्षनाथ थांबला. शेवग्याच्या बुंध्याशी संडासाच्या टाकीचं झाकण होतं. वाकून त्याने फटीला नाक लावलं आणि झटकन मागे सरला. मग त्याची नजर भिंतीवरून गच्चीपर्यंत गेलेल्या टाकीच्या पाईपवर गेली. पाईपच्या तोंडाला युरियाची रिकामी गोणी तारेने आवळलेली होती.

ती त्यानेच आवळली होती. पंधरा दिवसांपूर्वी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या तेव्हा, पाईपाचा वास कुरडयांना लागेल म्हणून रुपाली कुरकुरत होती. दोन दिवसांपुरती म्हणून बांधलेली गोणी कुरडया डब्यात गेल्या तरी तशीच राहिली. टाकीतल्या गॅसला वर वाटच उरली नाही, म्हणून तो खालच्या झाकणातून, म्हातारीच्या उशाशी निघत होता.

त्याने गच्चीवर जाऊन तार तोडली. खाली येऊन रुपालीला सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसली.

"आगं बया! म्या तर त्यांचं ताट बी येगळं केल्तं वो."

सासूला परत आणावं म्हणून ती उठली, तेवढ्यात दारात गाडी वाजली.

पोहे झाले, चहा झाला. "आजी कुठं हायेत?" एका पाहुण्याने विचारलं. "झोपल्यात," गोरक्षनाथ म्हणाला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. पाहुणे परसात हात धुऊन आले. कुणीही नाक मुरडलं नाही. गाडी वळताच तो तडक गोठ्यात गेला.

"ग्येला का रं वास?" छबूबाईने विचारलं.

"ग्येला."

"जाईलच की. काल दुपारपासनं म्या पानीच प्याले न्हाई." तिचा चेहरा खुलला होता.

गोरक्षनाथ खाली बसला. त्याने तिचे पाय धरले. "आये, तुजा न्हवताच गं वास. टाकीचा हुता. पाईपाला म्याच गोनी बांधली आन् म्याच इसरलो. चुकलं माजं."

म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "आसू दे. आईचं झाकाया पोरानं किती खोटं बोलावं!"

"झाकत न्हाई गं! खरं सांगतोय. तुजी शप्पत."

"व्हय रं, खरं," ती म्हणाली. लहान मुलाची समजूत काढावी तसा तिचा आवाज होता.

त्याने धावत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. त्याचं मन राखायला तिने नुसते ओठ ओले केले आणि तांब्या त्याच्या हातात परत दिला.

"पूजाचं लगीन हुस्तवर म्या हितंच बरी," ती म्हणाली, आणि वाकळ ओढून भिंतीकडे तोंड करून निजली.